सिक्स्थ फॉर्ममध्ये तत्त्वज्ञान शिकताना

इंग्लंडमधल्या मराठी पालकांकडून विषयनिवडीच्या दिवसांत मला एक प्रश्न हमखास ऐकू येतो: आमची मुलगी वादात कुणाला हार जात नाही, तर तिने ए लेव्हलला तत्त्वज्ञान घ्यावे का? मी एका सिक्स्थ फॉर्ममध्ये हाच विषय शिकवत असल्यामुळे माझ्याकडून उत्साही होकार अपेक्षित असतो, आणि तो मिळाला नाही की पालक बुचकळ्यात पडतात. वाद घालण्याची हौस हे हा विषय घेण्याचे फारसे चांगले कारण नाही. स्वतःचे मत हिरिरीने मांडणाऱ्या, पण समोरच्याचे मत त्याला पटेल अशा शब्दांत सांगता न येणाऱ्या मुलांना पहिले वर्ष जड जाते. उलट वर्गात फारसे न बोलणारी, एखादे वाक्य पुन्हा पुन्हा वाचून 'हे मागच्या वाक्यावरून खरोखर निघते का?' असे विचारणारी मुले या विषयात रमतात.

ज्यांना इथली व्यवस्था परिचित नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. वयाच्या सोळाव्या वर्षी जीसीएसईची परीक्षा झाल्यावर वर्ष 12 आणि वर्ष 13 अशी दोन वर्षे सिक्स्थ फॉर्मची असतात, त्यांत विद्यार्थी बहुधा तीनच विषय घेतात, आणि शेवटी त्या विषयांची ए लेव्हल ही परीक्षा देतात. तत्त्वज्ञान हा विषय जीसीएसईला नसतो, त्यामुळे गणित किंवा इतिहासासारखी आधीची शिदोरी कुणाकडेच नसते. सगळे एकाच रेषेवरून सुरुवात करतात. ए लेव्हलची तत्त्वज्ञानाची परीक्षा एक्यूए ही एकच परीक्षा संस्था घेते. सध्याचा अभ्यासक्रम सप्टेंबर 2017 पासून शिकवला जाऊ लागला आणि त्याची पहिली परीक्षा 2019 मध्ये झाली. त्याचे चार विभाग आहेत. ज्ञानमीमांसा, म्हणजे ज्ञान म्हणजे काय आणि ते कसे मिळते याचा विचार, आणि नीतिशास्त्र हे पहिल्या प्रश्नपत्रिकेत येतात, तर ईश्वर आणि मन यांच्याविषयीची तत्त्वमीमांसा, म्हणजे काय अस्तित्वात आहे आणि त्याचे स्वरूप काय याचा विचार, दुसऱ्या प्रश्नपत्रिकेत. प्रत्येक प्रश्नपत्रिका तीन तासांची आणि 100 गुणांची असते. प्रकल्प नाही, तोंडी परीक्षा नाही, घरी लिहून आणायचा निबंध नाही. दोन वर्षांचे सगळे मोजमाप त्या सहा तासांत होते.

वाद घालणाऱ्या मुलांविषयी मी वर जे म्हटले त्याचा पुरावा या प्रश्नपत्रिकेच्या घडणीतच आहे. प्रत्येक विभागाला 50 गुण असतात आणि त्यात पाच प्रश्न येतात: एक 3 गुणांचा, दोन 5 गुणांचे, एक 12 गुणांचा आणि शेवटचा 25 गुणांचा. पहिल्या चार प्रश्नांत विद्यार्थ्याचे स्वतःचे मत कुणीही विचारलेले नसते. शेवटच्या निबंधातही 25 पैकी 5 गुण निव्वळ समजुतीचे असतात. म्हणजे एकूण गुणांपैकी 60 टक्के गुण दुसऱ्या कुणाचा तरी विचार नेमकेपणाने समजून मांडल्याबद्दल मिळतात, आणि त्याचे मूल्यमापन करून स्वतःचा निर्णय देण्याला उरलेले 40 टक्के. 'तत्त्वज्ञानात काय, प्रत्येकाचे मत बरोबरच असते' हे ऐकून आलेल्या मुलांना हा हिशेब पहिल्याच आठवड्यात फळ्यावर मांडून दाखवावा लागतो.

3 गुणांचा प्रश्न सगळ्यात सोपा दिसतो आणि माझ्या मते सगळ्यात शिकवून जातो. समजा, अनुभवपूर्व ज्ञान म्हणजे काय, असे विचारले. ज्याचे समर्थन अनुभवावर अवलंबून नसते ते ज्ञान, एवढे एक वाक्य आणि हवे तर एक उदाहरण पुरते. पण मुले फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तपासून सुरुवात करतात, मध्येच जन्मजात कल्पना नाकारणाऱ्या इंग्रज तत्त्वज्ञ लॉकला आणतात आणि अर्धे पान भरून टाकतात. पूर्ण गुण मिळवायला उत्तर बरोबर असून भागत नाही. ते नेमके आणि फापटपसाऱ्याशिवाय लिहिलेले असावे लागते, त्यामुळे जास्तीचे लिहिणे इथे नुकसान करते. शिवाय अर्ध्या पानाच्या त्या उत्तरात एक घोळ हटकून सापडतो: अनुभवपूर्व ज्ञान म्हणजे जन्मजात ज्ञान. ज्ञान कुठून आले हा एक प्रश्न आणि ते कशाच्या बळावर खरे मानायचे हा दुसरा. त्रिकोणाच्या कोनांची बेरीज आपण शाळेत शिक्षकांकडून शिकलो, म्हणून ती जन्मजात ठरत नाही; पण तिची सिद्धता मोजपट्टीवर अवलंबून नाही, म्हणून ती अनुभवपूर्व ठरते. हा भेद एकदा मनात पक्का बसला की लॉकने जन्मजात कल्पनांवर केलेला हल्ला नेमका कशावर आहे आणि कशावर नाही हे मुलांना आपोआप दिसू लागते.

12 गुणांच्या प्रश्नात हीच कसोटी लांबीला जाते. बर्कली या तत्त्वज्ञाचा चिद्वाद घ्या. भौतिक वस्तू मनाहून स्वतंत्रपणे अस्तित्वात नसतात असे त्याचे म्हणणे पहिल्यांदा ऐकले की वर्ग हसतो, आणि कुणीतरी लगेच विचारतो की मग आपण खोलीबाहेर गेलो की टेबल नाहीसे होते का. या प्रश्नाने बर्कलीचा निकाल लागला असे समजून जो लिहायला बसतो त्याचे उत्तर फसते, कारण बर्कलीपाशी त्याला उत्तर आहे: सर्व काही सतत जाणणारे ईश्वराचे मन. ते उत्तर पटते की नाही हा पुढचा मुद्दा. आपल्याकडच्या शास्त्रार्थात पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचे म्हणणे, भक्कमपणे मांडल्याशिवाय खंडनाला हात घालणे कमीपणाचे मानले जाई. ही शिस्त इथे एका परीक्षा मंडळाच्या गुणदान पद्धतीतून पुन्हा भेटते याची मला गंमत वाटते. आधारविधाने क्रमाने लिहायची, निष्कर्ष वेगळा काढायचा, आणि आक्षेप नेमका कोणत्या विधानावर आहे ते बोट ठेवून दाखवायचे, एवढे वर्षभर घोटून घेतले की मुलांच्या लिखाणाची चाल बदलते. मग ती इतिहासाच्या निबंधातही असेच लिहू लागतात, असे इतिहासाचे शिक्षक सांगतात.

या विषयातली माझी सर्वांत आवडती जागा अभ्यासक्रमाच्या अगदी सुरुवातीला येते. ज्ञान म्हणजे काय? परंपरागत उत्तर तीन अटींचे आहे: एखादी गोष्ट आपल्याला ज्ञात आहे असे म्हणायचे तर ती खरी असली पाहिजे, आपला तिच्यावर विश्वास असला पाहिजे, आणि त्या विश्वासाला समर्थन असले पाहिजे. 1963 मध्ये एडमंड गेटियर यांनी अवघ्या तीन पानांच्या निबंधात या उत्तराला सुरुंग लावला. स्मिथ आणि जोन्स एकाच नोकरीसाठी अर्ज करतात. जोन्सचीच निवड होणार असे कंपनीच्या अध्यक्षांनी स्मिथला सांगितले आहे, आणि जोन्सच्या खिशात दहा नाणी आहेत हे स्मिथने स्वतः मोजून पाहिले आहे. यावरून स्मिथ असा निष्कर्ष काढतो की ज्याला नोकरी मिळेल त्याच्या खिशात दहा नाणी आहेत. प्रत्यक्षात नोकरी स्मिथलाच मिळते, आणि त्याला कल्पना नसताना त्याच्याही खिशात दहाच नाणी निघतात. विधान खरे आहे, त्याचा त्यावर विश्वास आहे, आणि विश्वासाला चांगले कारणही आहे. तरीही स्मिथला हे ठाऊक होते असे म्हणायला आपली जीभ रेटत नाही.

वर्गात इथे शांतता होते आणि मग दुरुस्त्या सुरू होतात. खोट्या विधानावरून काढलेला निष्कर्ष ज्ञान मानू नये, अशी चौथी अट कुणीतरी सुचवतो. ही सूचना अभ्यासक्रमातही आहे, आणि ती स्वतःच्या डोक्याने सुचलेल्या मुलाचा चेहरा पाहण्यासारखा असतो. मग मी खोट्या कोठारांचे उदाहरण देते. एका भागात रस्त्याकडेला कोठारांचे केवळ दर्शनी भाग उभे केलेले आहेत, त्यांच्यामागे काही नाही; एक प्रवासी गाडीतून जाताना त्या भागातल्या एकमेव खऱ्या कोठाराकडे पाहतो आणि 'ते कोठार आहे' असे मानतो. त्याने कोणत्याही खोट्या विधानावरून काही काढलेले नाही, त्याने फक्त पाहिले आहे. तरीही त्याचे बरोबर येणे नशिबावर होते. म्हणून मग विश्वास ज्या प्रक्रियेतून आला ती भरवशाची आहे का असे विचारणारा विश्वसनीयतावाद येतो, ज्ञानाला बौद्धिक सद्गुणांशी जोडणारा सिद्धान्त येतो, आणि प्रत्येक ठिगळाच्या शेजारी नवे भोक पडत जाते. याचा कंटाळा येणारी मुले असतात आणि त्यांचे काही चुकते असे मला वाटत नाही. पण ज्यांना याचा नाद लागतो ती सुट्टीतही नवी प्रत्युदाहरणे रचून आणतात.

इथे मी पाठ्यक्रमाबाहेर थोडे जाते. आठव्या शतकातले बौद्ध तर्कशास्त्रज्ञ धर्मोत्तर यांनी जवळजवळ हाच प्रश्न मांडला होता. मांस भाजण्यासाठी विस्तव नुकताच पेटवला आहे, धूर अजून निघालेला नाही, पण वासाने किड्यांचा थवा जमला आहे. दुरून पाहणाऱ्याला तो थवा धुरासारखा दिसतो आणि तो म्हणतो, तिथे अग्नी आहे. अग्नी तिथे आहेच. पण याला ज्ञान म्हणायचे का? बाराव्या शतकात श्रीहर्षांनीही ज्ञानाच्या व्याख्या अशाच योगायोगाने खऱ्या ठरणाऱ्या उदाहरणांनी मोडून दाखवल्या, आणि त्यांचा हेतू नवी व्याख्या देण्याचा नव्हे, तर असल्या व्याख्याच टिकत नाहीत हे दाखवण्याचा होता. हे परीक्षेसाठी लागत नाही. अभ्यासक्रमातली लेखकांची यादी प्लेटो-ॲरिस्टॉटलपासून इंग्रजी आणि अमेरिकी विद्यापीठांपर्यंत येते. ईश्वराच्या अस्तित्वाच्या चर्चेत इस्लामी परंपरेतला कलाम युक्तिवाद (विश्वाला सुरुवात आहे, म्हणून त्याला कारण असले पाहिजे) आहे, तेवढाच काय तो बाहेरचा वारा. चीन नाही, भारत नाही. ही उणीव मला खटकते आणि ती अभ्यासक्रमाच्या नावात कुठेच कबूल केलेली नाही हे अधिक खटकते. तरी दोन वर्षांत सगळे जग कोंबण्यापेक्षा एक परंपरा खोलात शिकवावी या भूमिकेतही दम आहे, आणि धर्मोत्तरांना समजून घेण्याची क्षमता गेटियर नीट वाचलेल्या मुलाला अधिक असते, असे मला अनुभवाने वाटते.

नीतिशास्त्राचा विभाग मुलांना सर्वांत ओळखीचा वाटतो. बेंथम आणि मिल यांचा उपयुक्ततावाद, कांटची कर्तव्यनिष्ठ नीती आणि ॲरिस्टॉटलची सद्गुणांची नीती हे तीन सिद्धान्त शिकून ते चार प्रश्नांना लावून पाहायचे असतात: चोरी, खोटे बोलणे, प्राणी खाणे, आणि खेळांत, नाटकांत किंवा चित्रपटांत केलेली लुटुपुटीची हत्या. शेवटचा विषय ऐकून गेम खेळणारी मुले सरसावून बसतात, पण उपयुक्ततावादी उत्तर परिणामांच्या पुराव्यावर टांगलेले आहे आणि ॲरिस्टॉटलचे उत्तर खेळणाऱ्याला कसली सवय लागते यावर, हे कळल्यावर चर्चा त्यांच्या अपेक्षेहून अवघड होते. मग नैतिक विधाने काही सांगतात की केवळ भावना व्यक्त करतात, ही चर्चा येते. हा भाग कोरडा आहे आणि मी तो लवकर उरकते.

मनाच्या विभागात मुलांना जिंकून घेणारी व्यक्ती देकार्त नसते, तर बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ असते. 1643 मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, तिने देकार्तला पत्राने विचारले की आत्म्याला जर विस्तार नाही आणि तो कशाला स्पर्श करू शकत नाही, तर तो शरीराला हलवतो कसा? सोळा वर्षांच्या मुलांना या प्रश्नाची धार लगेच कळते आणि देकार्तची उत्तरे तोकडी आहेत हेही. पुढे मनाविषयी बोलणे म्हणजे वागण्याविषयी बोलणे असे मानणारा राइलचा वर्तनवाद, मन म्हणजे मेंदूच असे सांगणारा तादात्म्यवाद, आणि मनाची अवस्था ती करत असलेल्या कामावरून ओळखणारा प्रकार्यवाद येतो. काळ्या-पांढऱ्या खोलीत राहून रंगांचे सगळे विज्ञान शिकलेली, पण लाल रंग कधीच न पाहिलेली फ्रँक जॅक्सन यांची मेरी येते, आणि तो पहिल्यांदा पाहिल्यावर तिला काही नवे कळते का, हा प्रश्न येतो. जीवशास्त्र घेतलेली मुले या विभागात सर्वांत चांगली भांडतात.

ईश्वराच्या विभागाबद्दल मात्र सविस्तर सांगितले पाहिजे, कारण पालकांची धास्ती इथेच असते. माझ्या वर्गात श्रद्धाळू मुले असतात, ठाम नास्तिक असतात, आणि घरी एक व मित्रांत दुसरे बोलणारीही असतात. हा विभाग कुणालाही श्रद्धेकडे किंवा श्रद्धेपासून दूर नेण्यासाठी आखलेला नाही. जे. एल. मॅकी यांनी 1955 मध्ये असा युक्तिवाद केला की सर्वशक्तिमान आणि संपूर्णपणे चांगला ईश्वर आहे आणि जगात दुष्टावाही आहे, ही विधाने एकत्र खरी असू शकत नाहीत. त्यावर ॲल्विन प्लँटिंगा यांनी मानवी इच्छास्वातंत्र्याच्या आधारे बचाव उभा केला. नास्तिक विद्यार्थी या बचावाला हमखास म्हणतो की हे काही दुष्टाव्याचे पटणारे स्पष्टीकरण नाही. त्याचे बरोबर आहे, पण प्लँटिंगांना स्पष्टीकरण द्यायचेच नव्हते. मॅकींचा दावा तार्किक विसंगतीचा आहे, आणि विसंगती नाही हे दाखवायला ती विधाने एकत्र खरी असण्याची एक शक्यता पुरते. ती शक्यता प्रत्यक्षात उतरली आहे हे सिद्ध करावे लागत नाही. हे लक्षात आल्यावर तोच विद्यार्थी मॅकींना सोडून विल्यम रो यांच्याकडे वळतो, कारण रो विसंगतीचा दावा करतच नाहीत. इतके निरर्थक दुःख पाहता असा ईश्वर असणे असंभाव्य आहे, एवढेच ते म्हणतात, आणि त्याला नुसत्या शक्यतेने उत्तर देता येत नाही. त्याची नास्तिकता जिथल्या तिथे राहते, पण ती आता अधिक चांगल्या युक्तिवादावर उभी असते. श्रद्धाळू मुलीच्या बाबतीत हीच हालचाल उलट दिशेने होते.

25 गुणांच्या निबंधात अखेर स्वतःचे मत मागितले जाते, आणि आता गंमत अशी की दीड वर्ष दुसऱ्यांचे म्हणणे मांडण्यात मुरलेली मुले इथे कच खातात. एक बाजू, दुसरी बाजू आणि शेवटी 'दोन्हींत तथ्य आहे' हा जीसीएसईचा साचा इथे चालत नाही. पहिल्या परिच्छेदात भूमिका घ्यावी लागते, प्रत्येक युक्तिवादाचे वजन ठरवावे लागते, कोणता आक्षेप मूळावर घाव घालतो आणि कोणता केवळ फांदी छाटतो हे सांगावे लागते, आणि निष्कर्ष त्या वजनांतून निघावा लागतो. वाद घालण्याची हौस असलेल्या त्या मुलीला इथे संधी मिळते हे खरे, पण तोवर तिने पूर्वपक्ष लिहायला शिकलेले असले पाहिजे. घड्याळाचाही जाच आहे: प्रत्येक प्रश्नपत्रिकेत असे दोन निबंध आणि त्यांच्या जोडीला आठ छोटी उत्तरे तीन तासांत हाताने लिहायची असतात. विचार करण्याच्या विषयाची परीक्षा इतक्या घाईची असावी हे मला कधीच पटलेले नाही. व्याख्या, युक्तिवादांचे टप्पे आणि आक्षेप पाठ असल्याखेरीज त्या वेळात विचार करायला सवड उरत नाही, म्हणून पाठांतर नको म्हणून तत्त्वज्ञान घेणाऱ्यांचीही निराशाच होते.

निवड करताना एक घोटाळा टाळावा. पुष्कळ शाळा 'तत्त्वज्ञान आणि नीतिशास्त्र' या नावाने जो विषय देतात तो प्रत्यक्षात धार्मिक अध्ययनाचा ए लेव्हल असतो. तो वेगवेगळ्या परीक्षा मंडळांकडून घेतला जातो, त्यात धर्माचे तत्त्वज्ञान आणि नीतिशास्त्र असते, पण त्यांच्या जोडीला एका धर्माचा सविस्तर अभ्यासही असतो, आणि गेटियर किंवा प्रकार्यवाद यांच्यासाठी तिथे जागा नसते. तो विषय वाईट आहे असे मुळीच नाही. मात्र प्रमाणपत्रावर कोणते नाव येणार आणि परीक्षा कोणत्या विषयाची, हे शाळेला स्पष्ट विचारावे.

उपयोगाचा प्रश्न पालक शेवटी विचारतातच. रसेल ग्रुप या विद्यापीठांच्या गटाने एकेकाळी प्रवेशासाठी अनुकूल विषयांची यादी केली होती. तिच्यात गणित, विज्ञाने, इतिहास, भूगोल, इंग्रजी साहित्य आणि भाषा होत्या, तत्त्वज्ञान नव्हते. ती यादी 2019 मध्ये मागे घेतली गेली, पण तिने निर्माण केलेली भीती अजून घरोघर शिल्लक आहे. वस्तुस्थिती इतकीच की अभियांत्रिकीला गणित आणि बहुधा भौतिकशास्त्र लागते, वैद्यकशास्त्राला बहुतेक ठिकाणी रसायनशास्त्र लागते, आणि त्या जागा तत्त्वज्ञान भरून काढू शकत नाही. आवश्यक विषय आधी ठरवून उरलेल्या जागी ते घ्यावे. विद्यापीठात तत्त्वज्ञानाची पदवी घ्यायची असली तरी ए लेव्हलला ते असण्याची अट बहुधा नसते. ऑक्सफर्डमध्ये 1920 साली सुरू झालेल्या तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्राच्या प्रसिद्ध संयुक्त पदवीलाही ती नाही. त्यामुळे पुढे उपयोगी पडेल म्हणून हा विषय घेण्याचा सल्ला मी देत नाही, आणि पुढे उपयोगी पडणार नाही म्हणून सोडण्याचाही नाही. गणित आणि भौतिकशास्त्राबरोबर तो घेणाऱ्या मुलांना सिद्धतेची सवय असते, त्यांना लांब निबंधाची सवय लावावी लागते. इंग्रजी आणि इतिहासाबरोबर घेणाऱ्यांचे नेमके उलट असते.

मुलाला विषय झेपेल का, हे पाहण्याचा एक सोपा मार्ग आहे. गेटियर यांचा तीन पानांचा निबंध त्याच्या हाती द्यावा आणि स्मिथ-जोन्सचा युक्तिवाद क्रमवार विधानांत, स्वतःचे एकही मत न घालता, कागदावर उतरवायला सांगावे. मग गेटियर चुकले असतील तर कोणत्या विधानात, असे विचारावे. हे करताना त्याला चीड आली किंवा निव्वळ कंटाळा आला तर इतर चांगले विषय पुष्कळ आहेत. आणि निर्णय तरीही चुकीचा ठरला, तर बहुतेक सिक्स्थ फॉर्म पहिल्या काही आठवड्यांत विषय बदलू देतात. ती मुदत कधी संपते ते सप्टेंबरच्या पहिल्याच दिवशी विचारून ठेवावे, कारण ज्ञानमीमांसेचा पहिला धडा संपेपर्यंत ती बहुधा संपत आलेली असते.